सहाव्या पायरीपर्यंत

बाल्कनीत डोकावले आणि पावलंवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कबुतरं पळवायला म्हणून लेकाने दोरीला चकाकत्या डिस्क टांगल्या होत्या. त्यांच्या कपाटातल्या! सिनेमांच्या! वाऱ्याने एकमेकींवर आपटत होत्या.

"अरे, अक्कल गहाण ठेवलीस का?"

"बाबा, सगळं ऑनलाइन मिळतं आता. तेच सिनेमे, तेच चित्र. काडीचा फरक नाही."

काडीचा! ज्या माणसाने तीस वर्षं स्टुडिओत वाळू, फरशी, लाकूड तुडवून पडद्यावरच्या नटनट्यांना पावलांचे आवाज दिले, ज्याला सगळे त्यापायीच पावलंवाले म्हणायचे, त्याला हे पोटचं पोर शिकवणार?

"बस इथे," ते गरजले. "दाखवतोच तुला."

आधी ऑनलाइन लावलं. नायिका अंधारात जिना उतरते, तो प्रसंग. काळोखाचे राखाडी चौकोन झाले होते आणि पावलं संगीताखाली पार गाडली गेली होती.

"चोथा केलाय नुसता!"

मग दोरीवरून तीच डिस्क सोडवली, साबणाने धुतली, मऊ फडक्याने पुसली आणि प्लेअरमध्ये घातली. आता अंधार कसा काळाकुट्ट, कठड्यावरची बोटंसुद्धा मोजून घ्या. आणि पावलं? टक्, मग हलकीशी घसर. टक्, घसर.

लेक ताडकन सरळ बसला. "बाबा, हा आईचा पाय आहे."

"मग कुणाचा? बाईची चाल मला जमेना, म्हणून तिलाच उभी केली होती. डावा पाय ओढायची ना ती."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"शंभरदा बोललो! मोबाईलमधून मान वर केलीस कधी?"

तिला जाऊन चार वर्षं झाली होती. दोघंही ऐकू लागले. सहाव्या पायरीवर चित्र अडकलं. ओरखडा. डिस्क पुसून पुन्हा लावली, पुन्हा सहावीवरच अडकली. जिन्याला पायऱ्या होत्या अकरा.

लेकाने घाईघाईने ऑनलाइन लावलं, आवाज होता नव्हता तेवढा वाढवला आणि गुडघे टेकून स्पीकरला कान लावला.

"ऊठ," पावलंवाले म्हणाले. "कितीही कान लाव, तिथे नाही ती."