बंद दारामागची वहिनी

दुपारचं जेवण चाललं होतं. आई आणि तिची धाकटी लेक टेबलाशी, वहिनी मोरीजवळच्या स्टुलावर. तिचं ताट वेगळं, पेला वेगळा. वहिनीला आतड्याच्या सुजेचा जुना आजार होता. पोटात कळा येत, शौचातून रक्त जाई, घाई लागली की क्षणभरही दम धरवत नसे.

"माहेरून घेऊन आली ही पीडा," आई घास मोडता मोडता म्हणाली. "आमच्या सात पिढ्यांत नव्हतं असलं काही."

धाकटीनं पुढचा घास घेतला. भाऊ परगावी असल्यानं चष्म्याच्या दुकानात काचा घासून घर चालवणारी ती पोरगी एरवी कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. पण घरात शांतता राहावी म्हणून ती मूग गिळून बसायची.

काही महिन्यांनी तिला स्वतःलाच शौचातून रक्त जाऊ लागलं. तिनं सांगितलं ते वहिनीलाच, आणि वहिनीच तिला आपल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तपासण्या झाल्या. आजार तोच निघाला.

"वहिनीचं उष्टं खाल्लं म्हणून झालं का?" आई विचारेल तोच प्रश्न धाकटीनं विचारला.

"छे! हा एकाचा दुसऱ्याला लागत नाहीच," बाई म्हणाल्या. "पूर्वी हा थंड, कारखानदारीच्या देशांतच जास्त दिसायचा. आता शहरं वाढतायत तिथे तिथे वाढतोय. त्या थंड देशांत बाहेरून येऊन वसलेल्यांच्या मुलांनाही होतो. नेमकं एक कारण अजून सापडलेलं नाही. थोडा जन्मजात कल, बदललेलं खाणं, लहानपणची अँटिबायोटिक्स, काहींच्या बाबतीत सिगारेट, असं बरंच मिळून होत असावं. त्यात तुमचा दोष नाही, तुमच्या वहिनीचाही नाही."

घरी आल्यावर आईनं हे ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "कुणाकडे अवाक्षर काढू नकोस. रविवारी तुला बघायला पाहुणे येतायत."

रविवारी मुलगा, त्याची आई आणि मावशी आले. वहिनीला आतल्या खोलीत बसवून आईनं बाहेरून कडी घातली. संडास होता पुढच्या खोलीच्या पलीकडे.

"सून दिसत नाही?" मुलाच्या आईनं विचारलं.

"माहेरी गेलीय," आई हसून म्हणाली.

तेवढ्यात आतून दार वाजलं. मग पुन्हा, जरा घाईनं. "आई... अहो आई, उघडा ना..."

आई जागची हलली नाही.  पण ती हाक कसली आहे, हे धाकटीच्या पोटाला ठाऊक होतं. ती उठली, कडी काढली आणि वहिनीचा हात धरून सगळ्यांच्या देखत तिला पलीकडे नेऊन पोचवलं.

मग येऊन उभी राहिली. "ही आमची वहिनी. तिला आतड्याचा आजार आहे. मलाही आहे. औषधं चालू आहेत, कामावर जाते, संसारही करीन. पण कुणाला कोंडून ठेवून मला लग्न करायचं नाही."

मुलानं आपल्या आईकडे पाहिलं. ती उठली, तसा तोही उठला, मागोमाग मावशीही.

"तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!" दार लागताच आई रडू लागली.

"माझं तोंड मी उघडंच ठेवणार, आई. आणि आजपासून या घरात कुठल्याच दाराला बाहेरून कडी लागणार नाही."

इतक्यात बेल वाजली. दारात मुलाची मावशी एकटीच उभी होती. तिनं जिन्याकडे वळून पाहिलं आणि कुजबुजली, "तुमच्या डॉक्टरांचं नाव सांगतेस? माझ्या मुलीला असंच होतंय. घरात कुणाला सांगितलेलं नाही."

"सांगते की," धाकटीनं दार सताड उघडलं. "आत या, मावशी. आणि हळू बोलू नका. तुमच्या लेकीनं काही चोरी केलेली नाही."