बसायची तालीम

लेहचं विमान पंधरवड्यावर आलं, आणि आगाशीच्या शंकरभाऊंच्या घरात स्वेटर एकही नाही. असणार कसा? आगाशीत थंडी पडली म्हणजे माणूस पंखा जरा हळू करतो, एवढंच. शेवटी सून हेमालीनं नायगावच्या मैत्रिणीकडून चौघांसाठी जाड जाकिटं मागून आणली. भर मे महिन्यातल्या दुपारी सासूबाईंनी, द्वारकाकाकूंनी, त्यातलं एक अंगात चढवलं. चेहरा लालबुंद, घामाच्या धारा, तरी बाई आरशासमोरून हलायला तयार नाहीत! बर्फ बघायची त्यांची हौस लग्नाआधीची. मुलानं, केयूरनं, मनावर घेतलं म्हणून साठी उलटल्यावर का होईना, योग आला होता.

बाकी तयारी जोरात होती. दम लागला तर हुंगायला कापराच्या पुरचुंड्या शिवून झाल्या, लाडू वळून झाले, नवे बूट पायात बसावेत म्हणून रोज सकाळी देवळापर्यंत चालणंही सुरू होतं. डॉक्टरांनी दोघा नवराबायकोंना नीट तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि काकूंना म्हणाले, "ब्लडप्रेशर ताब्यात आहे, जा खुशाल. पण तिथे हवा विरळ. पोचल्यावर पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं. कामाला लागलात तर बर्फ राहील बाजूला, हॉस्पिटलचं छत बघत बसाल."

घरचे एकमेकांकडे बघायला लागले. नुसतं पडून? आणि ही बाई? पहाटे मोगऱ्याच्या कळ्या खुडण्यापासून रात्री ओटा पुसेपर्यंत जी कुठे टेकत नाही, ती? शंकरभाऊंना तर बायको निवांत बसलेली आठवेचना. जेवतानासुद्धा ती अर्धी उठलेलीच.

"आई, रविवारी तालीम," हेमालीनं जाहीर केलं. "दिवसभर काही करायचं नाही. जमलं नाही तर तुमचं तिकीट रद्द. रागवा हवं तर, पण मला तुम्ही धडधाकट परत हव्यात."

"इश्श! बसायला काय शिकवणी लागते?"

लागते हो, लागते! रविवारी काकू ओटीवरच्या बाकड्यावर बसल्या. कुकरची शिट्टी झाली, उठल्या. वाळत घातलेल्या पापडांवर कावळा आला, उठल्या. हेमालीनं ओरडून बसवलं, तर बसल्याबसल्या लसूण सोलायला घेतला. तिनं तो काढून घेतला, तेव्हा मात्र काकूंचे डोळे भरून आले.

"नाही गं होत माझ्याच्यानं. हात मोकळे राहिले की चोरी केल्यासारखं वाटतं. कर रद्द. तुम्ही जाऊन या, मला फोनवर दाखवा बर्फ."

शंकरभाऊ वाडीत केळींना पाणी लावायला निघाले होते. हे त्यांच्या कानावर पडलं. बायकोशी दोन गोड शब्द बोलायची भल्या माणसाला सवय नाही, मग आता काय सुचणार? ते मुकाट्यानं मागे फिरले आणि बाकड्यावर तिच्या शेजारी बसले.

"हे काय? पाणी कोण लावणार?"

"केयूर."

"जमतंय त्याला! चिखल करून ठेवील नुसता."

"करू दे."

हेमालीनं केयूरला वाडीत पिटाळलं. जरा वेळानं वाडीतून हाक आलीच, "बाबा, पाणी कुठल्या पाटात सोडू?" शंकरभाऊ सवयीनं ताडकन उठले. आणि बघतात तो काय, बायकोही उठून उभी!

"तू कशाला उठलीस?"

"तुम्ही उठलात म्हणून. तुम्ही उन्हात राबायचं आणि मी सावलीत बसायचं, बरं दिसतं का ते? घरात आले तेव्हापासून बघतेय मी, तुम्ही कधी म्हणून टेकत नाही."

शंकरभाऊ मटकन खाली बसले.

"अगं, उलटंच आहे की! मी वाडीतून येऊन जरा टेकावं म्हणतो, तर तू कायम उभी. मलाच लाज वाटते. म्हणून पाणी पिऊन परत वाडीत जातो मी!"

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग हसायला लागल्या, आणि हसताहसता पदरानं डोळे पुसायला लागल्या. शंकरभाऊंनी हात धरून त्यांना शेजारी बसवलं आणि हात सोडला नाही. दारात हेमाली उभी होती. सुनेदेखत असा हात धरायची आयुष्यातली पहिलीच वेळ, पण नाही सोडला.

"बाबा! अहो, सगळं पाणी रस्त्यावर चाललंय!" केयूर बोंबलत होता.

"तुझं तू बघ!" शंकरभाऊ बसल्या जागेवरून ओरडले. "आम्ही दोघं लेहला पोचलोय, आम्हाला उठायची बंदी आहे!"