खिडकीत न मावणारा रेणू

निहानने काचेचा नळ फिरवून बाष्प कोठडीत सोडलं आणि हात मागे घेतला. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पडद्याकडे बघत बसायचं, एवढंच.

कोठडीत झिओलाइट या सच्छिद्र खनिजाची पापडासारखी पातळ वडी उभी होती. मॉलिब्डेनमचं कार्बोनिल हे संयुग तिच्या सूक्ष्म पोकळ्यांत बसलेलं असतं आणि अभिक्रियाही तिथेच, आत होते, असं धरून निहानने सगळे वेग मोजले होते. तिचा प्रबंध त्यावरच उभा होता. मुअम्मर होजांचं, म्हणजे तिच्या मार्गदर्शक सरांचं, नावही त्यावरच झालं होतं. एका परीक्षकाने मात्र खोडा घातला: पोकळीच्या खिडकीतून आत शिरूच शकणार नाही असा मोठा रेणू देऊन बघा. कार्बोनिल खरंच आत असेल, तर पडद्यावरच्या आलेखातलं त्याचं शिखर उतरणार नाही; बाहेर चिकटलेलं असेल, तर हा रेणू त्याला गाठेल आणि शिखर उतरत जाईल. आज सोडलेलं बाष्प त्याच मोठ्या रेणूचं होतं.

"अगं, नवऱ्याकडेसुद्धा एवढं टक लावून बघू नकोस, पळून जाईल," शेजारच्या टेबलावरून तिचा सहकारी तुर्गाय म्हणाला.

"तू तुझं सिमित खा."

"खाल्लं. तुझ्या वाटणीचंही खाल्लं." तुर्गायने टेबलावर सांडलेले पावाचे तीळ झटकले.

तिला हसू येणार होतं, तेवढ्यात शिखर खाली सरकलं. केसभरच. पुढच्या नोंदीत आणखी थोडं. तिने सांधे तपासले, पंप तपासला. गळती कुठेच नव्हती. नळ बंद करून उपयोग नव्हता. एकदा सोडलेलं बाष्प आपलं काम करत राहणार होतं.

तुर्गायने एकदा पडद्याकडे पाहिलं आणि जाऊन होजांना बोलावून आणलं. निवृत्तीला आलेले होजा दारातच थांबले. तिथून त्यांना पडदा दिसत नव्हता.

"होजाम, उतरतंय हो," निहान म्हणाली. "म्हणजे ते बाहेरच चिकटलेलं होतं. सगळं बाहेरच घडत होतं."

"सगळं नाही. अर्ध्यावर येईल आणि थांबेल."

ती वळून त्यांच्याकडे बघत राहिली. मग पुन्हा पडद्याकडे. शिखर रेंगाळत अर्ध्यावर आलं आणि खरंच थांबलं. तुर्गाय मान खाली घालून बाहेर निघून गेला.

"तुम्ही हे आधी केलंय," ती म्हणाली.

होजांनी चष्मा काढला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"पहिला लेख छापून आला, त्याच वर्षी. तीनदा केलं."

"मग माझी चार वर्षं कशाला घालवलीत?"

तिला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण समोरच्या माणसाकडे बघून तेही जमेना. होजा जवळ आले, स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले. पडद्याकडे त्यांनी अजूनही पाहिलं नव्हतं.

"तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, पोरी," ते हळू म्हणाले. "वाटलं, तुझ्या हातून तरी शिखर नाही उतरणार."