‘पोचली’ म्हणजे कुठे पोचली?

मी सागवानी टेबल बोलतोय, सुराबाया शहरातल्या एका औषध कंपनीच्या जिन्यातून. माझा जन्म जेपाराचा. तिथल्या सुतारांनी मला मोठ्या साहेबांच्या केबिनसाठी घडवलं, पण जिन्याचं वळण मला काही घेता येईना. हमालांनी तिरकं करून पाहिलं, उभं करून पाहिलं, शेवटी घाम पुसत मला मधल्या ऐसपैस टप्प्यावरच टेकवलं आणि निघून गेले. फार वाईट वाटलं हो! कुठे साहेबांची केबिन आणि कुठे हे वाटेत पडून राहणं!

वरच्या मजल्यावर ऑर्डरी घेणारी मंडळी, खालच्या मजल्यावर कॉम्प्युटरवाले. वरच्यांची प्रमुख बू लेस्तारी; ‘बू’ म्हणजे आमच्याकडे ‘बाई’. तिचा आवाज असा, की तिला फोनची गरजच नसावी. खालचा प्रमुख पांजी, वयाने तिच्याहून बराच धाकटा, सदा कानाला हेडफोन. एकाच इमारतीत राहून दोघं एकमेकांना फक्त लेखी निरोप धाडत. जाता-येता माझ्यावर पिशव्या टेकवून वरचे कुरकुरत, "खालच्यांना काही सांगा, नुसता विचार करत बसतात." खालचे कुरकुरत, "वरच्यांना काय हवंय ते त्यांचं त्यांनाही कळत नाही."

एके सकाळी कांगेआन बेटावरच्या दवाखान्यातून फोन आला. सुमियाती नावाची नर्स होती. इन्सुलिनची पेटी आलीच नव्हती, जवळचा साठा संपत आला होता, आणि समुद्र खवळणार म्हणून दुपारच्या बोटीनंतर वाहतूक बंद होणार होती.

बू लेस्तारी तरातरा खाली निघाली. आरडाओरडा ऐकून पांजी वर आला. गाठ पडली ती माझ्यापाशी.

"तुझा कॉम्प्युटर म्हणतोय पेटी पोचली! कुठे पोचली रे, तुझ्या घरी?"

"तो खोटं कशाला बोलेल, बू? पोचली म्हणजे पोचली."

"अरे, पण कुठे?"

"बंदरावर. गाडी रिकामी झाली की ‘पोचली’."

"आमच्यात पोचली म्हणजे नर्सच्या हातात पडली!"

शब्द एकच, आणि आजवर दोघांनी त्याचे दोन अर्थ धरले होते!

"म्हणजे पेटी कालियांगेतच्या बंदरात पडून आहे," पांजी पुटपुटला. "बर्फ वितळत असणार."

मग जी धांदल उडाली! त्याने लॅपटॉप माझ्यावर आदळला आणि पेटी कुठल्या गोदामात आहे ते शोधलं. तिने बंदरावर फोन लावला. "अहो दादा, बोट सुटली नाही ना? मग आधी पेटीत बर्फ घाला. हो, आत्ता! पेशंट वाट बघतायत." वरचे खाली धावले, खालचे वर. सगळे माझ्याभोवती श्वास रोखून उभे. आणि फोनमधून आवाज आला, "चढवली!" असा जल्लोष झाला, की माझे चारही पाय थरथरले.

जिवात जीव आल्यावर कुणीतरी तळलेल्या तेंपेचा, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांचा, पुडा सोडला. पांजीने एक तुकडा उचलून माझ्यावर ठेवला. "ही गाडी. ही मिरची म्हणजे बंदर. बू, पेटी कशी कशी जाते ते मला सुरुवातीपासून दाखवा."

ती दाखवायला लागली. ‘निघाली’, ‘बंदरात आली’, ‘बोटीवर चढली’, ‘हातात पडली’. प्रत्येक टप्प्याला वेगळा शब्द ठरला. मध्येच ती ओरडली, "गाडी कुणी खाल्ली रे?"

तेव्हापासून कुठलाही बदल आधी माझ्याभोवती बोलला जातो. भांडणं संपली असं समजू नका. ती अजून मूठ आपटते, तो अजून फुगून बसतो. पण बसतात इथेच. चहाच्या पेल्यांच्या गोल डागांनी माझं अंग भरून गेलंय, आणि मला त्याचा कोण अभिमान!

आज तर खुद्द सुमियाती बेटावरून आली आहे. दोघांनी हट्टाने बोलावून घेतलं तिला. मघाशी ती म्हणाली, "पेटी हातात पडते, तशी नोंदही मी करते. पण त्या वेळी वीज नसली, फ्रिज बंद असला, तर ते कुठे सांगायचं?"

"हे सुचलंच नाही आपल्याला!" दोघं एका सुरात ओरडली, आणि एकाच वेळी खुर्च्या पुढे ओढल्या.

मंडळी, तुमच्या कचेरीतही वरचे आणि खालचे असतील. त्यांना एकदा एका टेबलाशी बसवा, सागवानी नसलं तरी चालेल. आता मला रजा द्या. सुमियाती पुढचं सांगतेय, आणि मला त्यातला एक शब्दही चुकवायचा नाही.