अकरावं प्रकरण आधी अकोल्याला

वलगावच्या गोदाबाईची शाळा तिसरीतच सुटली होती, पण गुप्तहेरानं कसं वागावं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिचा किशोर अमरावतीला राजापेठेत गणिताचे क्लास घ्यायचा आणि उरल्या वेळात एजंट यशवर्धनच्या कादंबऱ्या लिहायचा. तीन छापून झाल्या होत्या, चौथी चालू होती. दर शनिवारी तो बायकोला घेऊन वलगावला यायचा आणि ओसरीवर बसून नवं प्रकरण वाचायचा. गोदाबाई शेंगा फोडता फोडता एजंटाचीही सालं काढायची.

"मे महिन्यात तुरीत लपला? मे महिन्यात उभी तूर असते का रे वावरात? गनिताचा मास्तर झाला, अन् शेतात नापास!"

किशोर मुकाट्यानं खोडायचा.

"नवा मानूस गावात आला, चार दिवस राहिला, अन् कोनी इचारलं नाई की बाप्पा, तुमी कोनाच्या घरचे पाहुणे? असं गाव मले दाखव. मी तथी राहाले जातो, लय सुख असन."

किशोर तेही खोडायचा. मग गोदाबाई आळीतल्या बायांना सांगायची, की देशाचा हेर माझ्या हो-नाहीवर चालते. बाया हसायच्या, पण ती हसत नसे.

त्या शनिवारी किशोरनं नववं प्रकरण वाचून संपवलं. गोदाबाईनं त्यातला एक दूधवाला भर दुपारी येतो म्हणून हाकलून लावला. पौर्णिमा, तिची सून, भाजी निवडत होती. ती सहज बोलून गेली, "नवव्यात काहीच नाही आत्याबाई. अकराव्यात पाहा काय होते ते. आईनं तर हातातली उशी फेकली!"

गोदाबाईच्या बोटातली शेंग फुटायची थांबली.

"कोनाच्या आईनं?"

"माझ्या," पौर्णिमा म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं.

सगळं बाहेर आलं. अकोल्याच्या इहीणबाईंचं, रागिणीबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. टीव्ही बंद. बाई कंटाळल्या, म्हणून जावई दर रविवारी जाऊन त्यांना वाचून दाखवत होता. दहावं झालं, अकरावं झालं. वलगाव अजून नवव्यातच होतं.

"बरं," गोदाबाई म्हणाली. त्या घरात तिच्या 'बरं'ला सगळे भीत. जेवताना तिनं किशोरला दुसऱ्यांदा भाजी विचारली नाही.

रात्र तिनं कशी काढली हे तिलाच ठाऊक. लेक आपला, एजंट आपला, त्याला तुरीतून बाहेर काढला आपण, आणि अकरावं प्रकरण आधी अकोल्याला! डोळ्यांचं ऑपरेशन झालं तर गप पडून राहावं. कान कशाला उघडे ठेवायचे? सकाळी पौर्णिमा निघायची तयारी करत होती, तर गोदाबाई नवी नऊवारी नेसून, मुगवड्यांचा डबा मांडीवर घेऊन ओसरीवर बसलेली.

"मी बी येतो. इहीणबाईची तब्येत पाहाले नको का?"

एसटीत तिनं डबा मांडीवरून हलू दिला नाही. किशोरनं बडनेऱ्याला चहा विचारला. नको. मूर्तिजापूरला विचारला. तेव्हाही नको.

जुन्या शहरातल्या त्या घरात रागिणीबाई काळा चष्मा लावून पलंगावर बसल्या होत्या, पाय पसरून, मांडीवर उशी घेऊन. गोदाबाईला पाहून त्या मनापासून हरखल्या, आणि हेच गोदाबाईला जास्त लागलं. बाई थोडी तरी खोटी वागली असती तर बरं झालं असतं.

"या इहीणबाई! आज तर मजाच हाय. जवाईबापू, अकरावं पुन्हा वाचा बरं, पहिल्यापासून. यायनं ऐकलं नसन."

यायनं ऐकलं नसन! गोदाबाईनं डबा टेबलावर जरा जोरातच ठेवला.

किशोर वाचू लागला आणि गोदाबाईला आपला लेक ओळखूच येईना. वलगावला तो धडा म्हणून दाखवल्यासारखा वाचायचा, एक डोळा आईच्या तोंडाकडे ठेवून. इथं तो उभा राहिला. हात फिरवू लागला. बंदुकीचा आवाज काढला त्यानं, ठो करून! आणि प्रत्येक दोन वाक्यांनंतर पलंगावरून आवाज यायचा, "मंग? मंग जवाईबापू?"

एजंट यशवर्धन उडत्या ड्रोनला लोंबकळला. "मंग?" दोन गच्च्या ओलांडून पाण्याच्या टाकीत पडला. "मंग?" टाकीत मगर होती. "माय वं! मंग?" गोदाबाईच्या ओठांवर 'टाकीत मगर कोन सोडली' असं येऊन परत गेलं. कारण त्या प्रत्येक 'मंग'ला किशोरच्या तोंडावर जे उजळत होतं, ते तिनं त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या लग्नातसुद्धा नाही.

मग गोष्टीत आषाढ आला. मुसळधार पाऊस, रान नुसतं काळं, आणि मागे चार शत्रू. यशवर्धन नांगरलेल्या वावरातून वाऱ्यासारखा धावत सुटला, तीन कोस. तिथं किशोर थांबला, लिहिलेलं तिथंच संपलं होतं. त्यानं वही खाली केली आणि आईकडे पाहिलं.

रागिणीबाईही वळल्या. "काय म्हनता इहीणबाई? धावते का नाई तुमचा एजंट?"

गोदाबाईला माहीत होतं. ओल्या काळ्या मातीत पाऊल टाकलं की माती चपलेला धरते, दहा पावलांत एकेका पायाला दोन दोन किलोचं ढेकूळ होतं, आणि मग माणूस धावत नाही, पाय उपसतो. जन्म गेला होता तिचा त्या मातीत. पण समोर ती उशी होती, तो चष्मा होता, आणि लेकाचं उजळलेलं तोंड होतं. तेही आपल्यामुळे विझायचं?

"धावते!" ती म्हणाली. "कावून नाई धावनार?"

"काळ्या रानात? पानी पडल्यावर?" रागिणीबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "मी बी शेतकऱ्याचीच पोट्टी हाय इहीणबाई. पाय रुतते न!"

"तुमच्या इकडं रुतत असतीन. आमचा धाकला दीर पोतं डोक्शावर घेऊन धावे. वळूच्या म्होरं!"

"मंग?"

"मंग काय, वळू रुतला अन् दीर घरी येऊन जेवला!"

रागिणीबाई इतक्या हसल्या की पौर्णिमा स्वयंपाकघरातून "आई, डोळ्याले ताण देऊ नको," म्हणत धावत आली. गोदाबाईला ते हसू गुळासारखं लागलं. पण किशोर हसला नव्हता. त्यानं वही मिटली आणि पाणी प्यायला म्हणून मागच्या अंगणात गेला.

ती मागोमाग गेली. "काय झालं रे? हो म्हनलं न मी."

"तेच तं," किशोर म्हणाला. "ते पान मी मुद्दाम तसंच ठेवलं होतं माय, तू अडवशीन म्हनून. पुढं काय करावं ते मले सुचून नाई राहिलं."

"अन् मंग अथी येऊन ठो ठो कावून करते?"

"मजा येते. सासूबाई ऐकतात तवा वाटते, लिहिलं ते जमलं." त्यानं पेला उपडा ठेवला. "पन लिहितो तवा तूच बसेल असते समोर. तूच हो हो म्हनाले लागली, तं मी इचारू कोनाले?"

मनातल्या मनात गोदाबाईनं अकोल्याला अन् वलगावला काय काय मिळालं ते ताडून पाहिलं. अकोल्याला त्याचं हसू मिळालं होतं, आणि ते वलगावला मिळायचं नव्हतं. हे काही तिला आवडलं नाही. तरी पदर खोचून ती आत गेली आणि पलंगासमोर उभी राहिली; किशोरही मागोमाग आला. कुणापुढे चूक कबूल करायची तिला सवय नव्हती. इहीणबाईपुढे तर मुळीच नाही.

"नाई धावत," ती म्हणाली. "खोटं बोलली मी. दीर बी नाई धावला अन् वळू बी नाई. कावून बोलली ते इचारू नका."

रागिणीबाईंनी चष्म्याआडून तिच्याकडे पाहिलं आणि खरंच विचारलं नाही. त्याचाही गोदाबाईला रागच आला. बाई समजूतदारसुद्धा होती.

"अरेरे," रागिणीबाई म्हणाल्या. "मंग तं सापडन थो! चार जन हायेत मागं!"

"त्या चौघाईच्या पायाले काय पंख हायेत? थे बी रुततीन." गोदाबाई पलंगाच्या कडेला टेकली, किशोरच्या आणि इहीणबाईच्या बरोबर मधे. "अन् बूट कोनाचे हायेत ते पाहा. शहरातून आलेले मानसं, मोठे मोठे बूट. जेवढा बूट मोठा, तेवढं ढेकूळ मोठं. लिही रे किशोर."

किशोरनं पेन काढलं.

"मंग?" रागिणीबाईंनी विचारलं, आणि यावेळी त्या जावयाकडे पाहत नव्हत्या.

"थांबा न जरा," गोदाबाई म्हणाली. "घाईनं सांगतलं तं खरं वाटत नाई."