सामुदायिक पक्षत्याग

नाशिकला इंदिरानगरात आमच्या कॉलनीला एक मैदान आहे. म्हणजे नकाशात आहे. प्रत्यक्षात तिथं धोंडीरामभाऊंचं संपर्क कार्यालय, त्यांच्या नावाची व्यायामशाळा आणि त्यांच्या कार्यकर्त्यांच्या गाड्या आहेत. आजवर भाऊंचे तीन पक्ष झाले. कार्यालय जागेवरून हललं नाही, फक्त पाटी रंगवणाऱ्याला काम मिळत गेलं.

विमा कार्यालयातून निवृत्त झालेल्या संध्याताई निकम यांनी मैदानासाठी अर्ज केले, मग स्मरणपत्रं दिली, मग स्मरणपत्रांची आठवण करून देणारी पत्रं दिली. शेवटी त्यांनी निवडणूकच लढवायचं ठरवलं. त्यांचे यजमान निवृत्तीराव पेपरमागून म्हणाले, "अपक्ष उभी राहा. कमी भानगडी."

"अपक्षाला दुसऱ्या दिवशी विचारतात, बसायचं काय घेणार? मला नाही बसायचं. मला पक्ष काढायचाय. मतदान यंत्रावर मैदानाचं नाव आलं पाहिजे."

"पक्ष काढायला ते काय लोणचं-पापडाचं दुकान आहे?"

"लोणचं मला जमत नाही," संध्याताई म्हणाल्या.

नाव ठरलं 'मैदान पक्ष'. नोंदणीसाठी शंभर मतदार सदस्य लागतात आणि प्रत्येकानं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, की मी दुसऱ्या कुठल्याही पक्षात नाही. आमच्या कॉलनीला हे सोपं वाटलं. इथं कुणी कुणाच्या लग्नातही धड सामील होत नाही, पक्षात कशाला जाईल? शेजारच्या नवसाबाईंनी एकटीनं निम्मे सदस्य गोळा केले. त्या गावाकडून मुलाकडे राहायला आल्या, त्याला आता वीस वर्षं झाली, तरी त्या स्वतःला पाहुणीच म्हणवतात. अर्ज दिल्लीला निवडणूक आयोगाकडे गेला. नियमाप्रमाणे पेपरात सूचना छापून आली, की या पक्षाबद्दल कुणाची हरकत असेल तर कळवावी.

हरकत आली. संध्याताईंचा भाचा अमोल वकील आहे. तो ती घेऊन आला आणि चहाला शिवलाही नाही.

"मावशी, तुमचे बहुतेक सदस्य आधीच भाऊंच्या पक्षात आहेत. मोबाईल नंबरसकट नोंद आहे. तूसुद्धा आहेस."

"मी?"

मग एकेक करून सगळ्यांना दिवाळी आठवली. भाऊंच्या कार्यालयात रवा-साखरेची पिशवी वाटली होती. बंटी, म्हणजे भाऊंचा पीए, दारातच बसला होता. मोबाईलवर आकडा येईल तो सांगा आणि पिशवी न्या, म्हणत होता. आकडा सांगितला की पिशवी मिळे, पिशवीत एक उपरणंही निघे. उपरण्याचं पुढं काय करायचं हे कुणाला कळलं नव्हतं.

"मला वाटलं, साखरेचा नंबर हाय," नवसाबाई म्हणाल्या.

निवृत्तीराव मात्र तिन्ही पक्षांचे सदस्य निघाले. तीन दिवाळ्या, तीन पिशव्या. वैचारिक प्रवास म्हणावा तर हाच.

"प्रतिज्ञापत्र खोटं ठरलं तर गुन्हा आहे," अमोल म्हणाला. "सगळ्यांनी राजीनामे द्यायचे, पोच घ्यायची, नवी प्रतिज्ञापत्रं करायची. पोच नाही मिळाली तर पक्ष विसर."

संध्याताई त्याच दुपारी कार्यालयात गेल्या. बंटीनं राजीनाम्यांचा गठ्ठा चिमटीत धरला, जणू आत काही हलत होतं.

"ताई, आमच्याकडे प्रवेश होतो. हार, उपरणं, फोटो, सगळं असतं. जायचं असं काही नसतं."

"मग लोक जातात कसे?"

"आपापले जातात. दुसरीकडे प्रवेश करतात, आम्हाला पेपरात कळतं."

"शिक्का मारून पोच दे."

"शिक्का स्वागताचा आहे ताई. त्यावर गुलाब आहे."

रजिस्टर पोस्टानं पाठवलेला लिफाफा 'घेण्यास नकार' असा शेरा मिरवत परत आला. अमोल म्हणाला, कायद्यात नकारालाही पोच मानतात म्हणे. पण त्या 'म्हणे'वर त्याचा स्वतःचाच भरवसा दिसेना. निवृत्तीरावांनी सुचवलं, पुढच्या वेळी बघू. संध्याताईंनी त्यांच्या हातातला पेपर घेतला आणि घडी करून बाजूला ठेवला.

"प्रवेशाचा सोहळा असतो ना? मग सोडायचाही करू. वाजवत करू."

रविवारी सकाळी भाऊंच्या कार्यालयासमोर मांडव पडला. फलकावर ठळक अक्षरं होती : 'भव्य सामुदायिक पक्षत्याग सोहळा'. पंचवटीतला लग्नाचा बँड आणला होता. काय वाजवू, असं मास्तरनं विचारल्यावर संध्याताई म्हणाल्या, "मुलगी सासरी निघाली की वाजवता ते. फक्त जरा जोरात." सदस्यांनी उपरणी धुऊन, इस्त्री करून ताटांत आणली होती. प्रत्येक ताटात नारळ. "घेतलेलं रिकाम्या हातानं परत करू नाय," हा नवसाबाईंचा आग्रह.

बंटीनं आतून दार लावून घेतलं. पण खिडकीपाशी भाऊ उभे होते. समोर मांडव, माईक, गर्दी, नारळ आणि दोन चॅनलची पोरं. या जागेवर आजवर भाऊंशिवाय कुणी नारळ फोडला नव्हता. पाच मिनिटं त्यांनी कशीबशी काढली. मग दार उघडलं, आणि भाऊ हात जोडत थेट व्यासपीठावर आले.

"भगिनींनो," त्यांनी माईक ताब्यात घेतला. "माझ्या दारात येऊन माझा पक्ष सोडताय? वा! मी काय घाबरतो काय? घ्या, स्वीकारले तुमचे राजीनामे! आत्ता, या क्षणी!"

भाऊंच्याच पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"सगळ्यांचे का भाऊ?" गर्दीतून अमोलनं विचारलं.

"सगळ्यांचे! एकूण एक! दिवाळीला पिशवीसाठी याल ना, तेव्हा बघतो."

"आम्ही रवा विकत आणू," संध्याताई म्हणाल्या. त्यांनी पहिलं ताट भाऊंच्या हातात दिलं. कॅमेरे बघून भाऊ सवयीनं हसले. मग दुसरं ताट आलं, मग तिसरं. ताटं संपेपर्यंत हसू तसंच ठेवावं लागलं.

हे सगळं बंटी भाऊंच्या फेसबुक पानावरून थेट दाखवत होता. खाली ओळ होती, 'भाऊंचा रोखठोक बाणा'. दुपारपर्यंत कुणीतरी भाऊंना समजावलं आणि व्हिडिओ उडाला. तोवर भाऊंच्या चाहत्यांनी तो नाशिकातल्या यच्चयावत ग्रुपांवर पाठवला होता. अमोलनं त्यातलीच एक प्रत हरकतीच्या उत्तराला जोडली, सोबत नवी प्रतिज्ञापत्रं. सुनावणीत भाऊंच्या वकिलांनी सांगितलं, की ते विधान भावनेच्या भरात केलं होतं. यावर आयोगाला काही विचारावंसं वाटलं नाही.

पक्षाची नोंदणी झाली.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी निवडणूक कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. संध्याताई टेबलासमोर बसल्या. कारकुनानं त्यांची साडी पाहिली, सोबत फक्त नवसाबाई आहेत हेही पाहिलं, आणि न विचारता लिहिलं, 'अपक्ष'.

"ते खोडा."

"बाई, यादीत जे पक्ष आहेत तेच चालतात."

"यादीत आहे. बघा."

"शेवटून बघा, आमचा नवा हाय," नवसाबाई म्हणाल्या.

कारकून पानं उलटू लागला. मागे गडबड झाली. गळ्यात नवंकोरं उपरणं, मागे पन्नास माणसं, असे भाऊ येऊन रांगेत थांबले होते. मुहूर्त टळत होता. बंटी पुढे घुसला.

"साहेब, भाऊ आलेत. यांचं नंतर घ्या ना, अपक्ष तर आहेत."

कारकुनानं मान वर केली, पुन्हा यादीत घातली. बोट एका ओळीवर थांबलं. त्यानं 'अपक्ष' खोडलं आणि वर बारीक अक्षरात 'मैदान' लिहिलं.

"पुढं पक्ष लिहा," संध्याताई म्हणाल्या. "आणि जरा मोठं."

भाऊंनी घड्याळ पाहिलं. "ताई, किती वेळ?"

संध्याताईंनी खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

"थांबा भाऊ. आमच्या पक्षाचं काम चाललंय."