बोरला सवाशीण पाहिजे

आमदारबाई गावात आली की माझं टकुरंच फिरतं. राजनंदिनीताई तिचं नाव. राहायला तिकडं शहरात, सावेडीत बंगला, आमच्या वाडीत सासर, आनि तोंडात सदा झाडं, पानी, हवामान. मतं मागायला आली तवा रस्ता करते म्हनली हुती. निवडून आली, रस्ता इसरली आनि हवामान धरलं. आता हवामानाचा जाब कुनी कुनाला इचारायचा? लई सोयीचं काम हाय ते.

चैताच्या तोंडाला शाळेच्या पटांगनात तिची सभा झाली. "महिन्याचा पाऊस आता एका दिवसात पडतो आणि वाहून जातो," म्हनली. "जमिनीतलं पाणी तेवढंच आपल्या हातात राहिलंय. पिण्याच्या विहिरीजवळ बोर मारायला बंदी आहे, पण ती पाळतंय कोण? मी विधानसभेत नवं विधेयक मांडतेय. बोरची गाडी जप्त आणि जमिनीच्या मालकाला सरळ तुरुंग!"

बायांनी टाळ्या वाजवल्या. मी न्हाई वाजवल्या. आमच्या वाडीला पिन्याच्या पान्याची एकच विहीर. तिच्या पल्याड बांध, आनि बांधाच्या पल्याड हिच्याच सासऱ्याचं, आबासाहेबाचं, रान. वरच्या वस्तीवर विहिरीशेजारी असंच एकानं बोर मारलं आनि पंधरवड्यात विहिरीचा तळ उघडा पडला. तवापास्नं त्या बाया हंडे घेऊन टँकरमागं पळत्यात. म्हंजे आबासाहेबानं मनात आनलं तर आमी पन पळायचं.

"कुठंतरी पानी मुरतंय बघ," मी सुरेखाला म्हनलं. सुरेखा माझी शेजारीन, आमी पानी बरोबरच भरतो.

"भागे, तुला देवाच्या मूर्तीत पन दगडच दिसतो," ती म्हनली.

"मंग काय असतंय त्यात?"

पन आठ-दहा दिवसांनी मीच खरी ठरले. विहिरीवर गेल्ते, तर आबासाहेबाच्या रानात पानाड्या फिरत हुता. तळहातावर नारळ आडवा, डोळे मिटलेले. बांधाला लागून असलेल्या बाभळीपाशी नारळ उभा राह्यला, आनि आबासाहेबानं तिथं खुंटी ठोकली. सून मुंबईत तुरुंगाचा कायदा आननार, आनि कायदा यायच्या आत सासरा हितं भोक पाडून घेनार! वाटून घेतलेली कामं, दुसरं काय? कुंपनच शेत खातंय म्हनायचं.

काष्टीच्या बाजाराच्या दिवशी गाडी आली. तो दिवस बी मुद्दाम धरलेला. सगळे गडी बाजारला, माझा नवरा कानिफनाथ पन गेल्ता, वाडीत नुसत्या बाया. तमिळनाडूची ती भली थोरली बोरची गाडी आबासाहेबाच्या रानात शिरली, आनि तिच्या मागनं कोन? आमदारबाईची पांढरी मोटार!

"सुरेखा, मोबाईल घे!" मी वरडले. "आज मुद्देमालासकट धरू तिला. सगळ्या जिल्ह्याला दाखवू."

पाच-सात बाया मिळून आमी बांधावरनं निघालो.

आता आमच्याकडं बोर मारायच्या आदी जागेची पूजा लागती. सवाशिनीनं हळद-कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, मंग यंत्र चालू. आबासाहेबाची मागची दोन बोरं कोरडी गेली, नुसता धुराळा उडाला. बायको वारलेली, म्हनून त्यानं पूजा स्वताच उरकली हुती. पानाड्यानं त्याच्या डोक्यात भरवलं, घरच्या लक्ष्मीचा हात न्हाई लागला म्हनून पानी रुसलं. तवापास्नं म्हातारा हट्टालाच पेटलेला, सवाशिनीबिगर बोर न्हाई. आनि घरात सवाशीन एकच, ही सून.

आमी पोचलो तवा राजनंदिनीताई डोक्यावर पदर घेऊन उभी हुती. पूजेचं ताट तिच्या हातात. मला इतका आनंद झाला की काय सांगू! सुरेखानं मोबाईल वर धरला. तेवढ्यात ताईनं ताट खाली ठेवलं.

"आबा, मी कुंकू लावणार नाही. ही विहीर आटेल."

आमाला बघून तिनं ताट ठेवलं, का ताट ठेवल्यावर आमाला बघितलं, ते त्या म्हसोबालाच ठावं. मी तर तिच्या डोळ्याकडंच बघत हुते, तरी मला न्हाई कळलं.

आबासाहेब लालबुंद झाला. "आमदार तू मुंबईत! हितं माझी सून हायेस!"

"म्हणूनच सांगतेय. गाडी परत पाठवा."

"न्हाई पाठवत. काय करशील? सासऱ्याला तुरुंगात घालशील?"

ताईच्या हातात फोन हुता. तिनं फोनाकडं बघितलं, सासऱ्याकडं बघितलं आनि फोन न लावताच पदराआड धरला. गाडीवाली पोरं आपसात कायतरी बोलून हसली. म्हाताऱ्यानं आमच्यावरनं नजर फिरवली आनि ती माझ्यावर थांबली.

"भागिरथी, ये पोरी. तू पन सवाशीनच हायेस की. कानिफची लिंबोनी वाळतीया, मला दिसतंय. कुंकू लाव, नारळ फोड. पानी लागलं की पहिला पाईप तुझ्या लिंबोनीत. ह्या समद्यांच्या देखत शब्द देतो."

आता लिंबोनीचं दुखनं तुमाला काय सांगू! पोरासारखी वाढवलेली झाडं. त्या साली पानं गळून नुसते काटे राह्यले हुते. कानिफ रोज सांजच्याला बुंध्याशी जाऊन बसायचा आनि न जेवता झोपायचा. माझ्या मनात आलं, गाडी तर आलीच हाय, मी न्हाई लावलं तर दुसरी कोनीतरी लावंल. मंग मीच का नको?

मी खाली वाकले कधी, ते मला कळलं न्हाई. चिमटीत कुंकू घेतलं. समोर खुंटी. मागनं सुरेखाच्या बांगड्या वाजल्या, म्हनून मान वळवली. सुरेखाचा मोबाईल आमदारबाईवर नव्हता. माझ्यावर हुता. सगळ्या बाया माझ्याकडं बघत हुत्या, आनि कशा? मी आमदारबाईकडं बघते ना, अगदी तशा.

चिमूट ताटात झटकली मी. "तुमचा पाईप तुमच्यापाशी ठेवा, आबासाहेब," मी म्हनलं. आवाज लई मोठा काढला, जरा जास्तच. मंग बायांना जोर आला आनि त्या खुंटीभवती फतकल मारून बसल्या. गाडीवाल्यानं घड्याळ बघितलं, सुरेखाचा मोबाईल बघितला, आनि गाडी मागं घेतली. म्हातारा शिव्या देत घरला गेला.

विहीर वाचली. बाया नाचायच्या बाकी हुत्या. पन माझा राग जाईना. सरळ मोटारीपाशी गेले.

"ताई, फोन तुमच्या हातातच हुता. तहसीलदाराला लावला न्हाई तुमी. आमी नसतो आलो तर ते ताट खाली ठेवलं असतं का?"

तिनं पदर डोक्यावरनं खाली घेतला. चिडली न्हाई. माझ्या हाताकडं बघितलं.

"कुंकू तुमच्याही हातात होतंच की, भागिरथीबाई. सुरेखाबाईंनी मोबाईल वळवला नसता तर?"

तोंडावर मारलं भवानीनं! मोटार गेली, आनि मी पदराला बोटं पुसत तिथंच उभी राह्यले.

आता तिची सभा असली की मी पहिल्या रांगेत बसते. टाळ्या अजून वाजवत न्हाई. पन सभा उठली की माईकपाशी जाऊन इचारते, "ताई, इधेयक कुठवर आलं?" बाया म्हनत्यात, भागी आमदाराच्या पार्टीत गेली. पार्टीत जातीया माझी चप्पल! तिच्यावर माझा तवाही भरवसा नव्हता, आज बी न्हाई. पन त्या दिवसापास्नं माझ्यावर पन न्हाई. आनि वाडीला प्यायला विहीर तेवढी एकच हाय.